आक्काआत्याला बोरिवली दाखवली तेव्हा

पंधराव्या वर्षी मी बोरिवलीची मालकीण होते. ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती, पण त्याने माझं काही अडत नव्हतं. आमच्याकडे पाहुणा आला, की त्याच्या हातातली पिशवी जमिनीला टेकायच्या आत मी विचारायची, "कान्हेरी बघितलीत?" आणि पाहुण्याने नाही म्हटलं, की त्याची वाट लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उठवून, आईकडून भाजी-पोळी बांधून घेऊन मी निघालेच. लेणी, मंडपेश्वर, पार्कच्या गेटाशी पानांच्या द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायका, खाडीपलीकडची गोराई, सगळं मी दाखवायची. माहिती तोंडपाठ होती, कारण ती मीच तयार केलेली होती. कान्हेरीला लेणी किती, या प्रश्नाचं उत्तर पाहुण्याचा चेहरा बघून ठरायचं. भोळा दिसला तर दोनशे, शिकलेला वाटला तर दीडशे. पांडव तर मी हवे तिथे मुक्कामाला ठेवले होते. परवा माझ्या नातीने मोबाइलवर बघून सांगितलं, "आजी, शंभरच्या आसपास आहेत गं." म्हटलं, तुझ्या मोबाइलने मोजली नसतील नीट.

आमची खोली पूर्वेला, पार्कच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत होती. पुढे पत्र्याची पडवी, मागे मोरी, मोरीच्या पाण्यावर पोसलेली केळ. दुपारी लांब कुठेतरी खाणीत सुरुंग उडायचा आणि मांडणीवरची भांडी एकदा थरथरून गप्प व्हायची. आईने पापड वाळत घातले, की माकडं येऊन बसायची आणि आपल्यालाच आमंत्रण आहे अशा थाटात खायची. मे महिन्यात पडवीत मसाल्याच्या मिरच्या पडायच्या, आणि सगळी चाळ शिंकायची. बाबांची लालबागची गिरणी बंद पडल्यावर त्यांना कांदिवलीच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही इकडे आलो. बाबा सायकलवरून जायचे. संध्याकाळी त्यांच्या सायकलची साखळी वळणावर एकदा खडखडायची, ती ऐकून आई भाकरी तव्यावर टाकायची. सुक्या जवळ्याची चटणी, कुळथाची पिठी आणि ती गरम भाकरी. पुढे मी मोठ्या हॉटेलांतून जेवले आहे, नवऱ्याच्या कृपेने विमानातही जेवले आहे. पण भूक लागल्यावर अजून डोळ्यांपुढे ती पिठी येते, त्याला काय करणार!

बाबांची थोरली बहीण, आमची आक्काआत्या, लालबागलाच राहिली होती. ती तिथे खानावळ चालवायची. मालवणहून नवऱ्याच्या मागे मुंबईत आली, नवरा लवकर गेला, तेव्हापासून गिरणीच्या दोन-दोन पाळ्यांना ही एकटी बाई जेवण घालत होती. बाबांना तिनेच वाढवलं, शाळेत घातलं, गिरणीत चिकटवलं आणि लग्नही तिनेच लावून दिलं. त्यामुळे आक्काने सांगितलं, की आमच्या घरात विषय संपायचा. त्या मे महिन्यात तिचा निरोप आला: गिरणगावात आता माणसं राहिली नाहीत, खानावळ एकटीच्याने ओढवत नाही, तर तुम्ही बोरिवली सोडा आणि माझ्या खोलीवर परत या. वहिनी हाताशी येईल, सुलू (म्हणजे मी) वाढायला येईल. चार दिवस येते, बोलून ठरवू.

"ठरवू" हे नुसतं म्हणायला. बाबांनी त्याच दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसायला घेतली. आईने केळीला जरा जास्त पाणी घातलं. मी मात्र पडवीत उभी राहून जाहीर केलं, की मला फक्त चार दिवस द्या, आत्या बोरिवलीच्या प्रेमात पडली नाही तर नाव बदलीन. बाबा म्हणाले, "नाव बदल नायतर राहू दे, आधी ती मिरची उलथ."

आत्या शनिवारी संध्याकाळी आली. नऊवारी, पायात कोल्हापुरी वहाणा, काखेला पिशवी आणि पिशवीत स्वतःची पळी. कुणाच्याही घरी गेली तरी पळी तिची तिच्याबरोबर असायची. रविवारची बस पकडून मी तिला कान्हेरीला नेलं. पायऱ्या चढताना मी थांबत नव्हते आणि मला वाटत होतं मी तिला जिंकते आहे. एका मोठ्या लेण्यात जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी ओटे कोरलेले आहेत. मी हात पसरून म्हणाले, "हा पांडवांचा दरबार."

आत्या खाली वाकली. ओट्याची उंची तिने वितीने मापली, मग दोन ओट्यांच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली.

"दरबार खयचो गो? ही पंगत. हयसर माणसा बसान जेवत होती आणि ह्या मधल्या वाटेन वाढपी फिरत होतो. बघ, बरोबर येक माणूस जाता."

"आत्या, ही लेणी आहेत. खानावळ नाही."

"लेण्यातल्या माणसांका पोट नसा?"

मला भयंकर अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढा डोंगर कोरून ठेवला लोकांनी, आणि हिला त्यात वाढपी दिसला. (आज त्या लेण्यात गेले, की मलाही दुसरं काही दिसत नाही.) सोमवारी तिला स्टेशनजवळचा वडापाव खाऊ घातला. ती म्हणाली लसूण करपलीय. मंगळवारी मंडपेश्वर दाखवलं. ती म्हणाली बरं आहे, सावली आहे. तीन दिवस झाले आणि आत्या एकदाही "वा" म्हणाली नव्हती. बाबांनी ट्रंकेचं कुलूप शोधून ठेवलं.

माझा हुकमी एक्का शिल्लक होता, गोराई. तिथे माझी मैत्रीण फिलू राहायची. फिलोमिना. रोज होडीतून खाडी ओलांडून आमच्या शाळेत यायची आणि तिच्या डब्याच्या वासाने अर्धा वर्ग गणित विसरायचा. तिची आई, जिला सगळे मायच म्हणायचे, मासे विकायची आणि घरामागच्या वाडीत भाजी लावायची. मी आधीच निरोप धाडला होता, की बुधवारी माझी आत्या जेवायला येणार, तिला मासे म्हणजे जीव की प्राण. बुधवार मी मुद्दाम, विचार करून निवडला होता. सोमवारी आत्या मासे खात नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही. बुधवार म्हणजे बिनधोक. आपण किती हुशार आहोत, हे मी आदल्या रात्री आईला दोनदा सांगितलं.

तर बुधवारी सकाळी मी नवे उंच टाचेचे सँडल घातले, डोळ्यांवर काळा गॉगल चढवला आणि आत्याला घेऊन नऊच्या सुमाराला धक्क्यावर पोचले. समोर खाडी नव्हती. म्हणजे होती, पण पार लांब, मधोमध, एखादी ओढणी टाकावी तेवढी. अलीकडे सगळा चिखल, चिखलात उड्या मारणारे निवटे मासे, आणि त्या ओढणीच्या कडेला टेकलेली होडी.

"होडी येईल हं आता इकडे," मी म्हणाले. "दर पंधरा मिनिटांनी येते."

आत्याने चिखलाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, मग माझ्या सँडलकडे.

"आज तिथ खयची?"

"बुधवार."

"वार नाय गो, तिथ!" ती म्हणाली. "आज चवथ. चाराची पावणपट किती? मॅट्रिकाक बसतलंस ना?"

मी बोटं मोजायला लागले. पावकी, निमकी, पाऊणकी या गोष्टी मी पाठ न करताच इथवर आले होते.

"तीन!" आत्याच म्हणाली. "म्हणजे तीनाक भरती. मगे नवाक काय असतली? सुकतीच असतली. दर्यावर येवचा आणि तिथ बघूची नाय? खयच्या घराण्यातला चेडू तू?"

तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते, हे त्या दिवशी मला कळलं. आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, गावी होड्या हाकत आणि ही त्यांच्याबरोबर जात असे, हेही त्याच चिखलात उभं राहून कळलं. तिने वहाणा हातात घेतल्या, कासोटा वर खेचला आणि पाय तिरके टाकत अशी चालत निघाली, जशी काही घरातल्या घरात पाणी आणायला निघालीय. मी दोन पावलं टाकली. उजवा सँडल आत गेला तो गेलाच. अजून तिथेच असणार. वाकून शोधायला गेले तर गॉगलही त्याच्या सोबतीला गेला. होडीतले चार कोळी, दोन पाववाले आणि एक बकरी, सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्यात सर्वांत कमी हसली ती बकरी.

होडी पलीकडे लागली, तेव्हा खरी गोष्ट माझ्या ध्यानात आली. चवथ. कृष्ण पक्षातली. म्हणजे संकष्टी. म्हणजे आत्याचा उपास.

मी सांगते, त्या क्षणी मला सँडलच्या मागोमाग चिखलात जावंसं वाटलं.

"आत्या, तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू माका लेणी दाखवतंय म्हणालंस. जेवणाचा खय म्हणालंस?"

ते खरं होतं. जेवण म्हणजे माझं गुपित, शेवटचा धक्का. आत्याला वाटलं होतं इथेही कुठे पांडव असतील.

धक्क्यावर वाट बघणाऱ्या फिलूने आम्हाला घरी नेलं. तिथे शेणाने सारवलेल्या अंगणात मिरच्या, धणे, हळकुंडं वाळत पडली होती. वर्षाचा मसाला करायचे ते दिवस. कोपऱ्यात लांब मुसळं उभी होती, धुतलेल्या बाटल्या उन्हात उलट्या घालून ठेवल्या होत्या. आणि घरातून चिंबोऱ्यांच्या कालवणाचा वास येत होता. माय दारात आली. ठेंगणी, लुगडं गुडघ्यापर्यंत, कपाळावर घाम.

"येवा गो बाय, येवा. फिलू सकालपासून धक्क्याव उभी व्हती. चिखलानशी आलाव ना? पाय धुवा. मी पाच वाजता उठून चिंबोरी आनलीय, मांदेली तलायला काढलीय."

मी फिलूच्या मागे सरकले. आत्याच बोलली, नीट हात जोडून. "बाये, माझो आज उपास आसा गो. संकष्टी."

मायच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण जिथल्या तिथे थांबलं. "उपास हाय? बरा," ती म्हणाली. "बरा, बरा." आणि आत वळली. फिलू माझ्याकडे बघेना. मागे एकदा आमच्या शाळेतल्या एक बाई त्यांच्याकडे आल्या होत्या, त्यांनाही नेमका त्याच दिवशी उपास लागला होता. पुन्हा बोलावलं तेव्हा डोकं दुखत होतं. ख्रिस्ती घरात जेवायचं नसलं, की लोकांना काय काय होतं, ते मायला पाठ होतं. तिच्या दृष्टीने हा तसाच आणखी एक उपास होता. आणि तो मी, एका सँडलवर लंगडत, तिच्या दारात आणून उभा केला होता.

आत्या तशीच दारात उभी होती. तिने मायच्या पाठीकडे बघितलं आणि तिला कळलं. तीस वर्षं जी बाई पंगतीत कोण रुसून कमी जेवतो आणि कोण पोट बिघडलंय म्हणून, हे ओळखत आली, तिला न कळून कसं चालेल! वहाणा तिने बाहेर ठेवल्या आणि सरळ चुलीपाशी गेली.

"पाणी दी गो माका. त्या माठातला."

मायने तांब्या भरून दिला. आत्याने तो उभ्याउभ्या रिकामा केला. "आणखी दी." तोही प्यायली. मग पदर खोचला, कालवणावरचं झाकण उचललं आणि वाफेत तोंड धरलं.

"धणे करपाक दिलंस नाय, ता बरा केलंस. दगडफूल आसा. आणि नागकेशर. थोडा जास्त पडला नागकेशर."

माय वळली. "चाखल्याबिगर तुला कसा कलला?"

"नाक आसा ना. जिभेक उपास, नाकाक खय?" मग आत्या म्हणाली, "आता तुझी माणसा बसव जेवक. हातात पळी नसली तर माका बसाक जमना नाय. मी वाढतंय."

"पावनी कशी वाढल?"

"पावनी जेवणार नाय, मगे काय भिंतीक टेकान ऱ्हवतली?"

तिने पिशवीतून आपली पळी काढली. फिलूचे वडील, दोन भाऊ, फिलू आणि मी ओळीने बसलो. पुढे जे झालं ते मी कधी विसरणार नाही. मी आत्याला स्वयंपाकघरात, बाजारात, भांडताना, झोपताना बघितलं होतं. पंगतीत वाढताना कधी बघितलं नव्हतं, कारण लालबागला गेले की मी तिच्या खानावळीत पाय ठेवत नसे, मला तिची लाज वाटायची. हे आज लिहिताना मला माझी लाज वाटते. ती वाढत होती तेव्हा पळीतून एक थेंब सांडत नव्हता. धाकट्या भावाला तिने न विचारता नांगी फोडून दिली. वडिलांच्या ताटात भात पडायच्या आत जागा करून कालवण गेलं. "लाजा नको रे झिला, भाकरी घे. फिलू, तुझा पोट भरला नाय, डोळे सांगतत." त्या जीवघेण्या वासात, सकाळपासून नुसत्या पाण्यावर असलेली बाई, आणि तिच्या चेहऱ्यावर मी तीन दिवस शोधत होते तो "वा" मला दिसला. मी घास घेतला. कालवण झकास होतं. नागकेशर जास्त पडलेलं मला काही कळलं नाही.

मग दोघी बाया अंगणात बसल्या. फिलूच्या भावाने ताडगोळे फोडून आणले. आत्याने मायच्या ताटलीतले सात-आठ तरी खाल्ले, उपासाला चालतात म्हणून. मसाल्याचं बोलता बोलता तिने सहज सांगितलं, "पूर्वी चाळीस-चाळीस बसत माझ्या पंगतीक. आता सात. सातांका रांधताना हात चुकता गो. मीठ जास्त पडता." तिने आम्हाला परत का बोलावलं होतं, ते मला तेव्हा नीट कळलं. खानावळ ओढवत नव्हती असं नव्हतंच. ती रिकामी होत होती.

माय म्हणाली, "मंग तिकडं कशाला बसलीस? मानसं हिकडं आलीत सगली. माज्या टोपलीपाशी रोज कारखान्याची पोरं येतात, सुका मासा मागतात, आन विचारतात, माय, शिजवून देशील का? मी मासे विकू का त्यांना शिजवून घालू!"

आत्या ताडगोळ्याचं साल बोटाने सोलत राहिली. मी मात्र ऐकून थक्क झाले. तीन दिवस मी तिला बोरिवली दाखवत होते आणि बोरिवलीत माणसं राहतात, हे दाखवायचं राहूनच गेलं होतं.

तीन वाजता खाडी काठोकाठ भरली. होडी थेट धक्क्याला लागली. निघताना आत्या म्हणाली, "उद्या गुरुवार. परवा येतंय जेवक. चिंबोरे ठेव, नारळ मी हाडतंय." मायने फक्त विचारलं, "खरंच येशील?"

"षष्ठी. साडेचाराक भरती. दोनाक तुझ्या दारात."

गुरुवारी सकाळी ती लालबागला जायची होती, ती गेली नाही. बाबांना जेवताना विचारलं, "तुझ्या कारखान्यातले पोरगे दुपारी काय खातत?" बाबा म्हणाले, वडापाव. "रोज?" रोज. आत्या ताकात भाकरी कुस्करता कुस्करता दोनदा "रोज?" असं स्वतःशीच म्हणाली. शुक्रवारी मी तिच्याबरोबर जायला तयार होऊन बसले, तर म्हणाली, "तू नको. वाट मी बघून ठेवलंय." नारळ, आपला मसाला आणि पळी घेऊन एकटी गेली. संध्याकाळी परत आली ती हाताला चिंबोऱ्यांचा वास घेऊन आणि पिशवीत मायच्या मसाल्याची एक बाटली घेऊन.

पडवीत बसून तिने बाबांना सांगितलं, "लालबागची खोली मी सोडतंय. मीच येतंय हयसर. पडवीत पंगत बसतली."

बाबा बघतच राहिले. आईने पदर तोंडाला लावला. मी पुढे सरसावले, कारण श्रेय घ्यायची वेळ आली होती. "आत्या, तुला बोरिवली आवडली ना? मी म्हटलं नव्हतं?"

"आवडाक काय झाला? लेणी बरी आसत," ती म्हणाली. आणि बाबांकडे वळून माझ्याकडे बोट केलं. "पण ह्या चेडू लोकांका वाट दाखवीत फिरता. येक दिवस पावण्यांका घेवन खाडीत जातला. हेच्यावर कोणीतरी लक्ष ठेवूक होया."

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. पाट, परात, वरवंटा सगळं उतरलं, पण खानावळीचं मोठं पातेलं काही केल्या दारातून आत येईना. उभं करून झालं, आडवं करून झालं. चाळ गोळा झाली. जो तो आपली अक्कल सांगत होता, आणि आत्या पातेल्याला हात लावून उभी होती. बाबांनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. मग शेजारून पहार मागून आणली आणि दाराची चौकटच काढायला घेतली. सोडून जायच्या घराची चौकट कुणी काढत नाही, एवढं तर मलाही कळत होतं. मी पडवीतून रस्त्यावर आले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगू लागले, की सोमवारपासून इथे जेवण मिळेल, मालवणी, आणि माझी आत्या वाढेल.